दोन बोटांचं जाळं

बुधवार, सकाळ

प्रिय हर्षित,

एवढं लिहून मी उठलो, म्हशीला पाणी दाखवलं आणि परत येऊन बसलो. 'प्रिय' खोडावं असं एकदा मनात आलं होतं. खोडलं नाही. तुझ्यावर जीव मी ठरवून लावला नव्हता, त्यामुळे तो ठरवून काढून घेताही येत नाही. या काळात पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. पण फोनवर मी तुझ्याशी तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा "आजा, ऐक ना, आजा, ऐक ना" करत तू तुझंच ऐकवलंस. कागदाच्या मध्ये तुला बोलता येणार नाही. म्हणून लिहितोय. एकतीस वर्षं मी एसटीच्या आगारात गाड्या दुरुस्त केल्या, माझ्या हाताला पेनापेक्षा पान्याची सवय जास्त. अक्षर लागलं नाही तर संघरत्नाकडून, तुझ्या बहिणीकडून, वाचून घे. तिला सगळं माहीत आहे.

इकडचं म्हणशील तर तुझ्या आजीचे गुडघे तसेच आहेत. कैऱ्यांचं लोणचं घालून झालं, एक बरणी तुमच्या आटगावच्या घरासाठी काढून ठेवली आहे. शेताची भाजावळ उरकली. संघरत्ना सुट्टीभर इथेच होती, आता शाळा सुरू होईल. नदी आटून उंबरडोहापुरती उरली आहे, दरवर्षी या दिवसांत उरते तशी. यंदा मात्र त्या डोहाकडे बघायला कुणी जात नाही.

मासे धरायला मला माझ्या बापाने शिकवलं नाही, हे तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही. माझ्या लहानपणी नदीचेही वाटे पडलेले होते. वरचं पाणी गावाचं, खालचं आपल्या आळीचं. उंबरडोह वरच्या अंगाला. आपला समाज बौद्ध झाला तेव्हा मी रांगत होतो. त्यानंतर आपल्या माणसांनी गावकीची कामं सोडली, म्हणून गावाने आपलं वरच्या पाण्याकडे जाणं आणखीनच बंद केलं. पण डोहाच्या पलीकडच्या तीरावर जंगलखात्याची हद्द होती आणि तिथे कातकऱ्यांची वाडी होती. त्या तीरावर गावाची सत्ता चालायची नाही. तिथला बुधू माझ्याच वयाचा. त्याचा बाप डोहात पाग टाकायचा आणि मी अलीकडच्या खडकावर, हद्द न ओलांडता, उभा राहून बघायचो. ते गोल जाळं हवेत उघडायचं आणि पाण्यावर पडताना मूठभर खडे टाकल्यासारखा आवाज व्हायचा, तो ऐकायला मी शाळा बुडवायचो. एक दिवस बुधूच्या बापाने पाण्यापलीकडून मला हाक मारली. "लांबना काय बघतं? ये हिकडं." एवढंच. मी लांबून वळसा घालून गेलो, आणि त्या दिवसापासून त्याच्या घरचा झालो.

ती पाग मी सतराव्या वर्षी बुधूच्या पडवीत बसून विणली. दोरा धसईच्या बाजारातून आणला होता. अख्खा पावसाळा गेला. जाळ्याचं घर केवढं ठेवायचं, असं मी विचारलं तेव्हा बुधूच्या बापाने स्वतःची दोन बोटं पुढे केली. "एवढं ठेव. याच्यातना जो निसटल तो पुढल्या सालचा." मी त्याच्या बोटांवर माप घेऊन घर नि घर गाठलं. पुढे आगारात लागल्यावर जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवून शिशाच्या गोळ्या ओतल्या आणि कडेने बसवल्या. पन्नास वर्षांत फाटेल तिथे सांधत आलो. आता जुना दोरा किती आणि नवा किती, हे मलाही सांगता यायचं नाही. पण माप तेच.

तू आठ वर्षांचा असताना मी तुला खळ्यावर पाग टाकायला शिकवली. आठवतं का? दोर डाव्या मनगटाला, एक हिस्सा कोपरावर, कडेची एक गोळी दातात, आणि जोर हाताचा नाही, कमरेचा. तू पहिल्याच फेकीत आजीची तुऱ्याची कोंबडी पकडलीस आणि ती जाळ्यासकट पडवीत शिरली. आजी झाडू घेऊन माझ्यामागे धावली, तुझ्यामागे नाही. मे महिन्यात खळ्यावर आणि दिवाळीत पाण्यात, असा आपला क्रम होता. कारण फाल्गुनापासून पहिला पूर येईपर्यंत उंबरडोहात कुणी पाय घालत नाही. नदी आटते तेव्हा वरचे-खालचे सगळे मासे त्या एका डोहात येऊन राहतात. पाऊस लागला की तिथूनच ते ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात, अंडी घालतात. डोह म्हणजे कणगीत राखलेलं बियाणं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, "मग भूक लागली तरी बियाणं खायचं नाय?" मी नाही म्हणालो. तू मान हलवलीस. तेव्हा मला वाटलं होतं, पोराला कळलं.

आणि कळलं होतंच. तुला मासेमारीचं प्रेम कधी नव्हतंच, असं म्हणता आलं असतं तर मला किती सोपं झालं असतं. पण मी ते डोळ्यांनी बघितलं आहे. अकरा वर्षांचा असताना दिवाळीत तू तुझ्या एकट्याच्या फेकीत तीन खवल मासे काढलेस. त्यातल्या एकीचं पोट गाभोळीने फुगलं होतं. अवेळी भरलेली अशी एखादी सापडते. मी बघत राहिलो. तू रडलास, कारण तीच सगळ्यांत मोठी होती. पण रडत रडत तू तिला ओंजळीत धरून पाण्यात नेलंस आणि हात उघडलेस. बुधू तेव्हा माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "बाळू, तुझा पोरगा नदीवर नाय आला, पन नातू आला." खरंच होतं ते. तुझ्या बापाला, नरेंद्रला, पाण्याची कधी ओढ नव्हती. तो पहिल्यापासून गाडीने कामाला जाणारा माणूस. तू मात्र माझा होतास.

म्हणून मी गेल्या दिवाळीत ते केलं, ज्याबद्दल तुझी आजी अजून माझ्याशी धड बोलत नाही. माझा उजवा खांदा आता वर जात नाही. पाग, दोन्ही गळ, मासे अडकवायची बांबूची बोकशी, कमरेची टोपली, सगळं मी ओट्यावर मांडलं आणि सगळ्यांसमोर तुझ्या हवाली केलं. संघरत्ना खांबाला टेकून बघत होती. तिची पाग पाण्यावर थाळीसारखी गोल पडते, तुझी लांबट पडते, हे मला माहीत होतं. आजी म्हणालीसुद्धा, "पोरीला द्या, ती रोज इचारते." मी म्हणालो, मुलीला नदीवर एकटीला कसं पाठवायचं? हे काही खरं कारण नव्हतं. माझ्या मागे त्या खडकावर तू उभा आहेस, असं चित्र मी बारा-पंधरा वर्षं मनात धरलं होतं, आणि मला त्यात बदल करायचा नव्हता. बोकशीचा एक वेत सुटला होता, तो संघरत्नाने नीट बसवला आणि बोकशी तुझ्याकडे दिली.

आता त्या रविवारचं. तू आदल्या संध्याकाळी आलास, मित्राची मोटारसायकल घेऊन. टोकावड्याच्या रस्त्याला कुठल्याशा फार्महाऊसवर तुझे चार-पाच दोस्त उतरले होते. तू खुंटीवरची पाग काढलीस तेव्हा मी विचारलं, या दिवसांत कशाला? तू म्हणालास, "व्हिडिओसाठी, आजा. फक्त हातात धरून दाखवायची. पाण्यात नाय टाकत, शप्पथ." तू शपथ पाळलीस. ती पाग पाण्यात पडलीच नाही.

सकाळी आठाच्या सुमाराला बुधू दारात आला. इतक्या वर्षांत तो कधी हाक मारल्याशिवाय ओट्यावर चढला नव्हता, त्या दिवशी सरळ आत आला. म्हणाला, "बाळू, चल. डोह मेला." वाटेतच वास यायला लागला, इस्पितळाची फरशी धुतल्यावर येतो तसा. पुढे गेलो तर पाणी दिसतच नव्हतं. पांढरी पोटं दिसत होती. खवल, मळे, शिंगाळे, एवढाली मरळ, आणि उंबराच्या मुळांपाशी एक वाम, माझ्या दंडाएवढी, वेटोळं घालून उलटी पडलेली. ती किती वर्षांची असेल कोण जाणे. कडेच्या फेसात नखाएवढी पिल्लं साबुदाण्यासारखी तरंगत होती. बुधू आणि त्याची बायको भागी गुडघाभर पाण्यात उतरून हातांनी ते सगळं बाहेर ओढत होती, गुरांनी आणि पोरांनी तोंड लावू नये म्हणून. त्यांच्या पायांची कातडी लाल झाली होती. मी काठावर बसलो.

वाडीवरचे लोक डोहालगतच्या वाळूत खड्डा करून त्यातलं पाणी पितात, हे तुला मी दाखवलं होतं. त्याच पाण्यातून तुला मी ओंजळीने पाजलं आहे. दुपारपर्यंत वाडीतल्या दोन मुली ओकायला लागल्या. त्यातली एक बुधूची नात, चार वर्षांची. जीपने मुरबाडला दवाखान्यात नेल्या. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या, आता बऱ्या आहेत. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू "मग झालं तर" म्हणालास. हर्षित, मग झालं तर?

सोमवारी संघरत्नाने मला तिचा फोन आणून दाखवला. फक्त म्हणाली, "आजा, बस आधी." तुझा व्हिडिओ होता. खडकावर माझी पाग पसरलेली, तिच्यावर माशांचा ढीग, आणि ढिगामागे तू, हसणारा. "ही माझ्या आजाची पाग. आमची परंपरा. एका फेकीत बघा काय काय आलं." किती माणसांनी तो बघितला आणि किती जणांनी अंगठा दाखवला, ते ती सांगत होती. मी ते ऐकत नव्हतो. मी ढिगाच्या कडेला बघत होतो. बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती त्यात. माझ्या जाळ्याचं घर दोन बोटांचं आहे. ते पिल्लू त्याच्यात अडकूच शकत नाही. आणि शिशाच्या गोळ्यांवर खुंटीवरची धूळ तशीच होती. मी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला नाही. बघणाऱ्या हजारो माणसांना त्यात माशांचा ढीग दिसला असेल. मला मात्र आपला नातू आपल्याच जाळ्यावर उभा राहून खोटं बोलताना दिसला.

मी तुला लगेच फोन केला. तू आधी नाही म्हणालास, मग म्हणालास, "मी नाय टाकली रे पावडर. पोरांनी टाकली. मी फक्त जागा दाखवली." तुला वाटलं असेल, यात तुझा दोष कमी होतो. ब्लिचिंग पावडर कुणीही टाकू शकतो, ती दुकानात मिळते. जागा दुकानात मिळत नाही. वैशाखात सगळ्या नदीचे मासे कुठे असतात, हे तुझ्या दोस्तांना माहीत नव्हतं. ते तुला माहीत होतं, कारण ते मी तुला सांगितलं, आणि मला बुधूच्या बापाने सांगितलं. पुढे तू म्हणालास, "माशांचं काय एवढं, पावसात येतील परत." कुठून येतील?

मंगळवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. सभा भरायच्या आधीच गावाने ठरवलं होतं की हे काम कातकऱ्यांचं. दुसरं कोण मासे मारतं, असं सगळे म्हणत होते. रविवारी सकाळी बुधूला मासे काढताना चार जणांनी बघितलं होतं, तेवढा पुरावा त्यांना पुरला. त्याची नात दवाखान्यात आहे, हे कुणीतरी म्हणालं. त्यावर दुसरा म्हणाला, "आपल्याच हातानं आपली पोरं मारतात ही लोकं." बुधू जमिनीवर बसला होता, मी खुर्चीवर. मला आता खुर्ची देतात, निवृत्त माणूस म्हणून. बुधू उठला, हात जोडले आणि माझ्याकडे वळला. "बाळूला इचारा. बाळू सांगल, मी असा करीन का." सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली.

हर्षित, त्या क्षणी माझ्या कानात तुझ्या बापाचं बोलणं होतं. नरेंद्रचा सकाळीच फोन आला होता. "बाबा, तोंड उघडू नका. पोराची भरती झालीये, चौकशीचे कागद पोलिसांकडे गेलेत. आपल्या घरातनं पहिला माणूस वर्दीत जातोय." त्याने तुझ्या क्लासपायी, तुझ्या धावण्याच्या सरावापायी काय काय केलं, ते मला माहीत आहे. मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "मी तिथं नव्हतो. मला म्हायती नाय." आणि बसलो.

बुधू माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. जोडलेले हात त्याने खाली घेतले.

तुला एक सांगतो, जे तुझ्या बापालाही माहीत नाही. मी लहान असताना गावाच्या विहिरीत कुत्रं पडून मेलं होतं. ते आपल्या आळीने टाकलं असा आळ आला आणि तुझ्या पणजोबाला दिवसभर चावडीसमोर उन्हात उभं केलं. कुत्रं कुणाचं होतं आणि कसं पडलं, हे गावातल्या निदान तिघांना माहीत होतं. माझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, आळ घालणाऱ्यांवर माझा राग नाय, म्हायती असून गप बसले त्यांच्यावर हाय. मी हे ऐकत मोठा झालो. आणि मंगळवारी मी तेच केलं, खुर्चीवर बसून.

पुढचे दिवस मी मोजलेले नाहीत, पण आजीने मोजले, आठ झाले. त्या आठ दिवसांत बुधूला एकदा चौकीवर बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. गावातल्या पोरांनी वाडीवरच्या बोकश्या पायांनी चिरडल्या. वाडीच्या बायकांना आता पाण्यासाठी वरच्या झऱ्यावर जावं लागतं, डोहाकडे फिरकायचं नाही असा गावाचा दम आहे. भागी मला वाटेत भेटली आणि डोक्यावरचा हंडा सावरत बांधाच्या पलीकडून निघून गेली. मधल्या एका दिवशी नरेंद्र येऊन गेला. पाग प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणली होती, तू पाठवलीस म्हणाला. तुला स्वतः आणून द्यायला जमलं नाही. पिशवी उघडली तर तोच वास. मी ती उचलून परड्यात ठेवली. संघरत्नाने बाहेर काढली, दोन दिवस विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतली, वाळवली, आणि माझ्यापुढे आणून ठेवली. मी तिला म्हणालो, ही आता तुझी, मी चुकलो होतो. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणाली, "घेते, आजा. पन टाकू कुठं?" सतरा वर्षांची पोर.

तुझ्यावर मी रागावलो आहे. तुला वाटतं मी माशांसाठी रागावलोय. माशांसाठी मी रडलो, राग वेगळ्याचा आहे. मला जे सगळ्यांत जपून ठेवावंसं वाटलं, ते मी तुझ्या हातात दिलं, आणि तू ते दुसऱ्यांना दाखवायच्या कामाचं ठरवलंस. मग मला तुझ्या खोटेपणात भागीदार करून घेतलंस आणि वर म्हणालास, "आजा, तू मला सांभाळून घेशील, मला माहीत आहे." तुला माहीत होतं, हेच मला खुपतं. माझी माया किती वाकते, हे तू आधीच मोजून ठेवलं होतंस. तुझा बापही तसाच. आणि मीही काही वेगळा निघालो नाही.

आजीने काल भाकरी थापता थापता मला एकच विचारलं, "तुमी बुधूच्या घरचं किती जेवलात ओ?" मी उठून गेलो. आज दिवस उगवताच वाडीवर गेलो. बुधू अंगणात बसून चिरडलेल्या बोकशीतले धड वेत निवडत होता. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. म्हणालो, बुधू, ते माझ्या हर्षितचं काम आहे. मला सोमवारपासून माहीत होतं, मी सभेत खोटं बोललो. त्याने वेत खाली ठेवला नाही. म्हणाला, "माला म्हायती हाय, बाळू. रैवारी पहाटला मी झाडामागं व्हतो. त्याची गाडी बघली, त्यालापन बघला." मी म्हणालो, मग तू सभेत का नाही बोललास? चौकीवर दिवसभर बसलास, तिथे तरी बोलायचंस. तेव्हा त्याने वर बघितलं. "तुझा नातू हाय. मी त्याचा नाव कसा घ्यू? म्हनून तर बोल्लो, बाळूला इचारा." हर्षित, तो माझ्याकडे साक्ष मागत नव्हता. तो मला जागा करून देत होता, बोलायला. आणि मी त्याला ओळख दाखवली नाही.

म्हणून हे पत्र. उद्या, गुरुवारी, अकरा वाजता शाळेच्या पटांगणात ग्रामसभा आहे. बुधूच्या नावाने तक्रार द्यायची आणि वाडीला नदी बंद करायची, असा ठराव येणार आहे. त्या सभेत मी उभा राहून तुझं नाव सांगणार आहे, आणि त्यानंतर माझं, मंगळवारी खोटं बोललो म्हणून. तुझ्या भरतीचं काय होईल, मला ठाऊक नाही. नरेंद्र मला बाप म्हणेल की नाही, तेही ठाऊक नाही. तुझी परवानगी मी मागत नाही, कारण तू ती देणार नाहीस आणि मला नाहीवर थांबायचं नाही. संघरत्ना आज दोनच्या गाडीने मुरबाडला आणि तिथून शहापूरमार्गे आटगावला येईल, संध्याकाळपर्यंत हे तुझ्या हातात पडेल. एक दिवस आधी कळवतोय ते एवढ्यासाठी की तू जे केलंस ते माझ्या पाठीमागे केलंस, आणि मला तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही. सकाळची पहिली गाडी पकडलीस तर अकराच्या आत पोचशील. तू माझ्या आधी उभा राहून बोललास, तर मी खाली बसून राहीन. आला नाहीस, तर मी उभा राहीन.

रागावलेला, तरीही तुझाच,
आजा
(बाळाराम)